सुट्टीच्या दिवशी उतरणारा रंग

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. विद्यार्थी म्हणूनही ते तिथे फार टिकले नव्हते. पण रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या आणि लाल रंगाच्या चाळीस छटा नुसत्या नजरेनं वेगळ्या सांगणाऱ्या माणसाला मास्तर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? प्रयोगशाळेतली शिकलेली पोरं यंत्रात नमुना घालून आकडे वाचेपर्यंत मास्तर चिमूटभर भुकटी अंगठ्याच्या नखावर घेत, थेंबभर पाण्यात बोटानं फिरवत आणि सांगत, "पिवळेपणा जास्त झालाय. परत घ्या." दहा मिनिटांनी यंत्र तेच सांगे. त्यामुळे मास्तरांची मान जरा ताठ असे, आणि तसा त्यांना हक्कही होता.

त्यांच्या हाताखाली त्यांचा मेहुणा कामाला होता, बायकोचा धाकटा भाऊ. अख्खा कारखाना त्याला भोंगा म्हणे. तो कानात बोलला तरी पलीकडच्या खात्यातला माणूस "ओ" देई, असला आवाज. अठरा वर्षांपूर्वी मास्तरांनीच त्याला चिकटवला होता. बायकोनं तेव्हा गळ घातली होती, "तुमच्या नजरेखाली राहील, म्हणजे मला घोर नाही." आईवडील लवकर गेलेले, तिनंच त्याला लहानाचा मोठा केलेला. तो तिचा भाऊ कमी आणि पहिलं लेकरू जास्त होता. कारखान्यात तो मास्तर म्हणे, फाटकाबाहेर पाऊल पडलं की भावोजी.

काम सांगायला सोपं होतं. ओला रंग फावड्यानं काढायचा, ताटांत पसरून वाळवायचा, दळायचा, पोत्यांत भरायचा. भुकटी उडायची ती नाकातोंडात, बनियनच्या आत, कानांच्या मागे जाऊन बसायची. हातमोजे होते, नव्हते असं नाही. साहेबांच्या कपाटात कुलपात होते आणि तपासणीला कोणी आलं की उजेड बघायचे. एरवी कोणी ते मागितले तर बाकीचेच म्हणत, "काय रे, ऑपरेशन करायला आलास का?"

अंगात गेलेला रंग बाहेरही यायचा. कारखान्यात लाल चालू असला की मुतारीत लाल, पिवळा असला की पिवळाधमक. नवा माणूस पांढराफटक पडून बाहेर आला की सगळे खो खो हसत आणि म्हणत, "झालास पक्का!" मग त्याला नियम सांगितला जाई. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण एकतीस वर्षांत तो कोणी मोडलाही नव्हता. भरपूर पाणी प्यायचं आणि सुट्टीपर्यंत थांबायचं. सुट्टीच्या दिवशी उतरला तर तो रंग. नाही उतरला तर डॉक्टर. आजवर प्रत्येकाचा उतरला होता.

एका मंगळवारी जेवणाच्या वेळी भोंगा मास्तरांजवळ आला आणि चक्क हळू बोलला.

"मास्तर, लाल होतंय."

"दुखतंय का?"

"काहीच नाही. म्हणून तर विचारतोय."

त्या आठवड्यात हिरवा चालू होता. मास्तरांच्या मनात आलं, लाल कुठून? क्षणभरच आलं. पण सकाळपासून रंगाचा एक घाणा बिघडलेला, साहेब डोक्यावर बसलेले, आणि मास्तरांना आपण अडलो असं दाखवायची सवय नव्हती. त्यांनी उत्तर शोधून काढलं. "मागच्या महिन्यात दळणयंत्र तूच साफ केलंस ना? त्यातला असेल. जुना रंग सावकाश निघतो. सुट्टीपर्यंत बघ." भोंग्याचा चेहरा खुलला. मास्तरांनी सांगितलं म्हणजे विषय संपला.

सुट्टीनंतर तो फाटकातूनच ओरडला, "उतरला!" अर्ध्या कारखान्याला कळलं.

दोन महिन्यांनी परत लाल दिसलं, परत गेलं. तिसऱ्या वेळी त्यानं विचारलंही नाही. असे आठ महिने गेले. मग एका सकाळी रक्ताच्या गाठी पडल्या, लघवी अडली, आणि घामानं निथळणाऱ्या भोंग्याला गाडीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीण बाईंनी मास्तरांना बाहेर बोलावलं. काम काय, किती वर्षं, हे विचारलं. अठरा वर्षं ऐकल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"काही रंग ज्या रसायनांपासून बनतात, ती कातडीतून आणि श्वासातून रक्तात जातात," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंडं ती गाळून लघवीत टाकतात, आणि लघवी तासन्‌तास मूत्राशयात साठून राहते. तेवढा वेळ त्या पिशवीचं अस्तर त्यात भिजत असतं. सगळ्यांना होत नाही, पण पंधरा-वीस वर्षांनी काहींना तिथे कॅन्सर होतो. रक्त पहिल्यांदा कधी दिसलं?"

"रक्त नाही हो बाई. रंग होता तो. सुट्टीला उतरायचा."

बाई म्हणाल्या, "या आजारात रक्त असंच येतं. येतं, आपोआप थांबतं, दुखत नाही. थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं. तेव्हाच आला असतात तर बहुतेक दुर्बिणीतून खरवडून निघालं असतं. आता ते पिशवीच्या भिंतीत खोल गेलंय."

मास्तर बाकावर बसले. नमुना डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी निकाल दिला नव्हता. दिला तो एकदाच, आणि तो घरच्या माणसाचा.

आत गेल्यावर बाईंनी भोंग्यालाही विचारलं, "इतके महिने कोणालाच सांगितलं नाहीत?" खाटेच्या एका बाजूला बहीण होती, दुसऱ्या बाजूला मास्तर.

"नाही," भोंगा छताकडे बघत म्हणाला. "कुणालाच नाही."

बहिणीनं मान खाली घातली. मास्तरांनी त्याची चादर सारखी केली. खोटं बोलायला या माणसाला कधी जमलं नव्हतं, आणि आज तो आपल्यासाठी खोटं बोलला होता.

पिशवी काढून टाकली. पोटाला बाहेरून थैली लागली. भोंगा म्हणे, "भावोजी, आता मुतारी बरोबर घेऊन हिंडतो. रांग लावायला नको." सगळे हसत, बहीण सगळ्यात जास्त हसे आणि मग पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर जाई. सहाव्या महिन्यात आजार हाडांत उतरला. आवाज बसला. तोंडाशी कान नेल्याशिवाय भोंगा काय म्हणतो ते कळेना, आणि एका दुपारी कान नेऊनही कळलं नाही.

मास्तर मग साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळ्यांची तपासणी होईपर्यंत रंगाला हात लावणार नाही म्हणाले. साहेबांनी आधी आवाज चढवला, मग उतरवला. तपासणी झाली. दोघांत आजार सापडला, अगदी सुरुवातीचा. खरवडून काढला, दोघं घरी आले. त्यातल्या एकाची बायको मास्तरांच्या पाया पडायला आली तेव्हा ते मागच्या दारानं निघून गेले. त्यांची स्वतःची पिशवी स्वच्छ निघाली होती. त्यांना त्याची लाज वाटली.

बायकोला खरं सांगायचं राहिलं होतं. रोज ओठांवर येई आणि रोज गिळलं जाई. तिनं लेकरासारखा वाढवलेला भाऊ नवऱ्याच्या शब्दावर विसंबून गेला, हे ऐकल्यावर ती या घरात कशी राहणार? अठ्ठावीस वर्षं एका ताटात जेवलेली बाई आपल्याकडे परक्यासारखी बघेल, या भीतीनं मास्तरांचं जेवण सुटलं.

शेवटी एका दुपारी ती भावाचे कपडे कोणाला तरी द्यायला म्हणून घड्या करत बसली होती. मास्तर समोर येऊन बसले.

"त्यानं मला विचारलं होतं," ते म्हणाले. "पहिल्याच वेळी. हिरवा चालू होता, मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, सुट्टीपर्यंत बघ. तो दवाखान्यात माझ्यासाठी खोटं बोलला."

तिचे हात थांबले. तिनं मास्तरांकडे बघितलं, पण परक्यासारखं नाही. तसं बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढे कितीदा तरी वाटलं.

"तुमच्यासाठी नाही हो," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्यासाठी बोलला. त्यानं आधी मला सांगितलं होतं. त्याच सकाळी. मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. पायात चपलासुद्धा घातल्या होत्या मी. तो म्हणाला, ताई, रंगच असेल. मग मीच म्हटलं, बरं, आधी भावोजींना विचार. त्यांना कळेल."

तिनं शर्ट मांडीवर ठेवला आणि लहान मुलीसारखं विचारलं, "मी चपला काढायला नको होत्या ना हो?"