फोटोआधीची फेरी

आमच्या माळावरच्या गोल्फच्या ओपन स्पर्धेबद्दल काय आठवतंय ते लिहा, असं क्लबच्या एका जुन्या साहेबांनी मला सांगितलं. स्पर्धा बंद पडली, आता निदान तिचा इतिहास तरी राहू दे म्हणाले. मी चौथी शिकलेला माणूस. कप कुणी कुणी नेला हे ज्याला पाहिजे त्यानं क्लबात जाऊन लाकडी पाटी वाचावी, सोनेरी अक्षरात सगळी नावं आहेत. मला वाळूचं ठाऊक आहे, आणि ती वाळू जिनं आयुष्यभर ओढली त्या बाईचं ठाऊक आहे. ती माझी बायको. दिवाळी झाली आणि ती गेली. साधा ताप म्हणून रिक्षातनं दवाखान्यात नेली, ती झाकून परत आणली.

बाराव्याच्या तयारीला बिद्रीला दिलेली माझी लेक आली होती. तिनं विचारलं, "आबा, आईचा एकबी फोटो न्हाय व्हय घरात?"

नव्हता. लग्नात फोटोवाला बोलवायची ऐपत नव्हती. लेकीच्या लग्नाचा अल्बम काढला, तर त्यात ही सगळीकडं पाठमोरी, नाहीतर चुलीकडं. लेकीच्या मोबाईलात बघितलं. तिथं ती होती, पण मोबाईल समोर धरला की पदर तोंडावर. तिचे पुढचे दात जरा बाहेर आलेले होते. तेवढ्यासाठी जन्मभर पदर. मी कितीदा म्हणालो असेन, अगं दातांना कोण बघतंय. ती म्हणायची, "तुमी बघताय न्हवं, बास झालं की."

शेवटी राहिला आधारकार्डावरचा. लेकीनं तोच मोठा करून आणला. ते कार्ड काढायला गेलो होतो तेव्हा तिथल्या पोरीनं हिला दम दिला होता, पदर खाली, हलायचं नाही, हसायचं नाही. चोरी करताना धरून आणल्यासारखी दिसते त्यात. बाराव्याला आलेली भावकी त्या फोटोच्या पाया पडली. सगळी गेल्यावर मी तो भिंतीकडं तोंड करून ठेवला.

आणि मग मला ओपनचे फोटो आठवले.

ते कळायला आधी वाळू कळली पाहिजे. गोल्फ म्हणजे बारका चेंडू काठीनं मारत मारत लांबच्या भोकापर्यंत न्यायचा. भोकाजवळ आला की मारायचा नाही, हळू ढकलायचा. तिथं दुसऱ्या गावांत मऊ हिरवळ असते. आमच्या माळावर प्यायला पाणी नव्हतं, हिरवळ कुठली आणता. म्हणून प्रत्येक भोकाभोवती वाळूचं गोल रिंगण केलेलं. त्याला ब्राउन म्हणायचे, खरं तर ते काळंच होतं. वर्कशॉपमधनं जळकं ऑइल आणायचं आणि वाळूत कालवायचं, म्हणजे वारं सुटलं तरी वाळू जागची हलत नाही. पण त्यावर माणूस चालला की पाय उमटतात, आणि उमटलेल्या पायात चेंडू अडकतो. म्हणून एक टोळी खेळून गेली की दुसरी यायच्या आत वाळू सारखी करायची. एका फळीला तरट ठोकलेलं, फळीला दोरी. भोकापासनं सुरुवात करायची आणि दोरी ओढत गोल गोल फिरत बाहेर यायचं. तुमच्या पायावरनं मागनं तरट फिरतं. शेवटचं पाऊल रिंगणाच्या बाहेर पडलं पाहिजे. इथं कोण येऊन गेलं असं वाटता कामा नये.

शेवटच्या भोकाचं ब्राउन हिच्याकडं होतं. क्लबाच्या इमारतीसमोरचं, सगळ्यांच्या नजरेपुढचं. हिच्या रेघा जवळजवळ, एकसारख्या, जात्याच्या कडेला पीठ पडतं तशा. उचगावातल्या आमच्या घरचं अंगण पण ती तसंच झाडायची, मधनं सुरुवात करून गोल फिरत दारापर्यंत. तिला नेली त्या दिवशी अंगण माणसांच्या पायांनी भरलं होतं. ते झाडायचं कुणाला सुचलं नाही.

मी माळावर कामाला लागलो तेव्हा तिथं जनावरं चरायची. खेळणारे म्हणजे फाउंड्रीवाले, काही सरकारी साहेब, लष्करातनं रिटायर झालेले. त्यांनी ओपन सुरू केली. ओपन म्हणजे कुठल्याही गावच्या माणसानं येऊन खेळावं. पहिल्या साली मांडव मोठा आणि माणसं थोडी. एका म्हशीनं पाहुण्या खेळाडूच्या चेंडूवर पाय दिला आणि तो जमिनीत गेला. आता चेंडू कुठनं मारायचा यावर साहेब लोकांची एवढी चर्चा झाली की तोवर म्हैस घरी जाऊन धार देऊन आली असती. कप मात्र हुपरीच्या चांदीचा होता, झकास.

मग नाव झालं. पुण्याहून, बेळगावाहून मोटारी यायला लागल्या. आदल्या दिवशी जेवण असायचं. पुण्याची माणसं आमचा तांबडा रस्सा हौसेनं ओरपायची आणि दुसऱ्या दिवशी खेळ टाकून कडेच्या उसात पळायची. आमच्या लोकांनी बरेच कप त्या रश्श्यावर जिंकले असं ही म्हणायची. एकदा एका मोठ्या माणसाचा चेंडू भोकाच्या काठावर थांबला. तो हिच्यावर खेकसला की तुझ्या रेघेमुळं थांबला. ही म्हणाली, "साहेब, वाळूला काय ठावं तुमी कोण हाय ते." मला वाटलं गेली नोकरी. पण तो हसला, आणि पुढच्या साली आल्यावर आधी हिला विचारलं, काय बाई, यंदा वाळू ओळखणार का मला.

आता फोटो. शेवटच्या दिवशी, सगळं झाल्यावर, जिंकणाऱ्याचा फोटो त्या शेवटच्या ब्राउनवर निघायचा. पद्धत अशी होती की फोटोआधी हिनं वाळूवर एक फेरी मारायची. काळं कोरं रिंगण पुढं, त्याच्या पलीकडच्या काठावर कप घेऊन जिंकणारा, बाजूला साहेब लोक, मागं इमारत. फोटो निघेपर्यंत कुणी वाळूवर पाय द्यायचा नाही. मी कडेला, भोकात खुणेला रोवतात तो झेंडा हातात धरून उभा असायचो. आणि ती मला समोर लख्ख दिसायची. हिरवं लुगडं, ऑइलनं काळे झालेले पाय, दोन्ही हात दोरीला गुंतलेले. पदर तोंडावर घ्यायला हात मोकळा नाही. उघडं तोंड. दमलेली असायची, आणि काम चांगलं झालं म्हणून हसत असायची, दात दाखवून.

तो चेहरा मला पाहिजे होता. दुसरं काही नको होतं.

क्लबात गेलो. रखवालदार ओळखीचा, त्यानं हॉल उघडून दिला. स्पर्धा बंद, माळावर मोजणीचे खांब रोवलेले, कोण विकत घेणार आणि काय बांधणार ते ज्याचं त्याला माहीत. भिंतीवर ओळीनं सगळ्या सालांचे फोटो होते. चष्मा पुसून एकेक बघत गेलो. काळं रिंगण, कप, साहेब, इमारत. कडेला झेंडा घेऊन मी. पुढच्या फोटोत मी. त्याच्या पुढच्या फोटोत मी, केस थोडे पांढरे. वाळू होती, तिच्या रेघा होत्या. लेक पोटात होती त्या सालच्या रेघा वाकड्या होत्या, कारण त्या साली दुसरीच बाई होती, हे मला लांबनं कळलं. पण ती स्वतः एकाही फोटोत नव्हती. रखवालदार म्हणाला, "काय शोधताय मामा? जिकडंतिकडं तुमीच हाय की."

माझं डोकं तिथं चाललं. ती मला समोर दिसायची, कारण ती समोर होती. समोर कॅमेरा होता. फेरी संपवून ती ज्या बाजूला बाहेर पडायची, ती कॅमेऱ्याची बाजू. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की ती फोटोत आहे.

तरी आशा सुटत नाही. फोटो काढणारे चाचा शाहूपुरीतले. तिथं गेलो. स्टुडिओ आता नाही, पोरानं मोबाईलचं दुकान केलंय. चाचा आत खुर्चीवर बसून असतात. मला बघून म्हणाले, "या पावणं." मग जरा वेळानं, "अरे, झेंडेवाले न्हवं का तुमी?"

मी सांगितलं, बायको गेली. फोटो पाहिजे. चाचांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, तरटवाली बाई, तिला कसा विसरीन, दरसाली माझ्या शेजारी उभी असायची, मला पाणी आणून द्यायची. मी विचारलं, कधी एकदा तरी ती कॅमेऱ्याच्या काचेत आली असेल. चाचा बोटांवर सालं मोजत राहिले. चहा आला, तो निवला.

"एका साली आलती," ते म्हणाले. "बाहेर पडायच्या आत मी बटण दाबलं. बरोबर मधी, दोरी हातात. साहेब वरडले, मग दुसरा काढला."

"मग तो पहिला?"

"निगेटिव्ह व्हती की. समद्या पेटीत व्हत्या." त्यांनी पोराकडं बघितलं. पोरगं खाली बघायला लागलं. दुकान नवं केलं तेव्हा त्या पेट्या भंगारात गेल्या होत्या.

पोराला वाईट वाटलं असावं. ते म्हणालं, मामा, आधारचा फोटो द्या, मोबाईलवर नवा करून देतो, हसरा, पैठणीतला. माझ्याकडं कार्ड होतंच. त्यानं काय काय दाबलं आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. बाई हसत होती. दात सरळ, पांढरे, टूथपेस्टच्या जाहिरातीतल्यासारखे. मी म्हणालो, हिला मी ओळखत नाही बाबा, पूस ते.

निघताना चाचा उठले. मला धरून दारापर्यंत आले आणि चिडल्यासारखे म्हणाले, "पर एक सांगतो. तुमी एकबी फोटो नीट दिला न्हाय मला. दरसाली बोंबलायचो, झेंडेवाले, काचेत बघा, काचेत बघा. तुमचं आपलं काचेच्या शेजारी."

परत क्लबात गेलो. खरं होतं. सगळे साहेब कॅमेऱ्यात बघताहेत, जिंकणारा कॅमेऱ्यात बघतोय. मी जरा उजवीकडं बघतोय. काळ्या केसांचा मी तिकडंच, पांढऱ्या केसांचा मी तिकडंच. पुढं बोअरला पाणी लागलं, गवत आलं, तरट अडगळीत गेलं, हिला तण उपटायला लांबच्या भोकाकडं धाडलं. त्यानंतर मी झेंडा धरायचा सोडला, पुढच्या फोटोंत तो दुसऱ्याच्या हातात आहे.

रखवालदारानं एक फोटो काढून दिला. हे सगळं उतरायचंच आहे, न्या म्हणाला. मी घरी आणला आणि लेकीपुढं ठेवला. तिनं खालनं वर बघितला, वरनं खाली बघितला.

"आबा, ह्यात आई कुठाय?"

मी म्हणालो, मी बघतोय तिथं.

तिनं काचेवरनं बोट फिरवत नेलं, चौकटीपर्यंत. चौकटीच्या पुढं आमची भिंत होती. मग ती मऊ आवाजात म्हणाली, "आबा, ह्यात तुमी हाय. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत न्हाईत." तिचं चुकलं नाही. तो फोटो कपाटामागं गेला. आधारकार्डावरचा परत सरळ केला, त्याला प्लास्टिकचा हार घातला, आणि दुसऱ्या दिवशी लेक बिद्रीला गेली. तिला तिचा संसार आहे.

आता मी एकटा त्या फोटोसमोर जेवतो. ती माझ्याकडं रोखून बघते, तोंड मिटलेलं, दात आत. सुरुवातीला डोळे मिटले की माळावरची ती दिसायची, दोरी हातात, हसणारी. मग दोन्ही एकमेकींत मिसळायला लागल्या. आता डोळे मिटले तरी कार्डावरचीच येते.