गोठ्यातलं जनावर

दिवेलागणीनंतर गोव्यातल्या आमच्या पार्से गावच्या घरात 'साप' म्हणायचं नाही. नाव घेतलं की तो येतो, म्हणून म्हणायचं 'जनावर'. बाबा मराठीवाले, काका कोंकणीवाला. राजभाषेच्या वादात दोघे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झाले होते, पण हा नियम दोघेही पाळत. भांडायचे तेही एकाच बोलीत. याचं मला हसू यायचं आणि संतापही.

त्या संध्याकाळी आई गोठ्यात गाईचं दूध काढत होती. मी कंदील धरून उभी होते. घराच्या पलीकडच्या भागात राहणारा काका परसातून चालला होता, तो दारातच थबकला. कित्येक महिन्यांत तो आमच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"वयनी, जनावर आसा. पांय हालोवं नाका."

आईच्या टाचेपाशी नाग फणा काढून बसला होता. आईने हात थांबवले नाहीत. मध्येच थांबलं तर गाय बिथरेल, हे तिला ठाऊक होतं. भांड्यात धार पडत राहिली.

बाबा दांडा घेऊन धावत आले. काकाने त्यांचं मनगट धरलं. दांडा बसला तर गाय लाथा झाडेल आणि खाली वयनी आहे, एवढंच तो कुजबुजला. बाबांनी हात ओढला, काकाने सोडला नाही. इथेही यांची ओढाताण! मला दोघांचाही भयंकर राग आला. शेवटी बाबांचा हात सैल पडला. फणा हळूहळू खाली गेला आणि जनावर गवताच्या भाऱ्यांमागे सरकलं. काका आपल्या दाराने आत गेला.

पुढे पणजीला शिकताना कळलं, जनावर हा शब्द मूळचा ना बाबांचा ना काकाचा. तो फारसीतला. जान म्हणजे जीव, वर म्हणजे बाळगणारा. दात, विष, शेपूट यातलं त्यात काहीच नाही. सुट्टीत घरी आल्यावर मी जेवताना हे मोठ्या ऐटीत सांगितलं. मराठीने तो केव्हाच आपला केलाय, असं बाबा लगेच म्हणाले.

"जीव, तें बरोबर आसा," आई म्हणाली. "त्या सांजे गोठ्यांत तुमी तिगांय माजेकडेन बघतालीं. हांव जनावराकडेन बघताली. तें भियेल्लें."