दोनदा पुसलेले पाय

चर्चला आम्ही ठाण्याची जुनी ख्रिस्ती माणसं देऊळच म्हणतो. गुड फ्रायडेला त्या देवळात क्रूसाचं चुंबन घ्यायला रांग लागते. फादर लाकडी क्रूस धरून उभे राहतात, एकेक जण गुडघे टेकून ख्रिस्ताच्या पायांना ओठ लावतो, आणि बाजूला उभी असलेली बाई पांढऱ्या फडक्याने ते पाय पुसते. ते फडकं माझ्या सासूकडे असायचं, ती गेल्यावर माझ्याकडे आलं. केवढा तोरा होता मला त्याचा! चाळीस दिवसांचे उपास मी कडक करायची, देवळातली एक मिस्सा, म्हणजे उपासना, चुकवायची नाही, आणि कोण चुकवतं ते मात्र बरोबर लक्षात ठेवायची.

ऐंशी सालानंतर वागळे इस्टेटच्या आसपास नगरकडची ख्रिस्ती माणसं राहायला आली. आम्ही पोर्तुगीजांच्या वेळचे, आणि ही कालपरवाची. आमच्यात त्यांना ‘दूध पावडरवाले’ म्हणायचे, म्हणजे मिशनची दूध पावडर मिळाली म्हणून बाटलेले. मीही म्हणायची, हसून म्हणायची. आधीची त्यांची जात कुठली, हे कुणी तोंडाने बोलत नसे, पण ठाऊक सगळ्यांना होतं.

त्यांच्यात एक विधवा होती. एका कारखान्यात झाडूकाम करायची, दातांना मिश्री लावायची. गुड फ्रायडेला ती लहान मुलीचा हात धरून रांगेत यायची. तिने ओठ टेकले की मी पाय एकदा पुसायची, मग फडक्याचा वेगळा कोपरा काढून परत एकदा पुसायची. तो कोपरा मी तिच्या लोकांसाठीच ठेवलेला. मिश्रीचे डाग राहतात ना, असं मी मनाला सांगायची. आमच्या बायका लिपस्टिक लावून यायच्या, त्यांच्यामागे मी एकदाच पुसायची.

पाच-सहा वर्षं असंच चाललं. मग एका वर्षी ती आली, पदराने आपलं तोंड खसाखसा पुसलं आणि पायांना फक्त हात लावला. मुलगी तेव्हा दहाएक वर्षांची. ती वाकली तशी आई म्हणाली, “हात लाव गं. तोंड नको लावू.”

माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. म्हटलं, बघा नखरे!

दुसऱ्या दिवशी फडकं धुवायला घेतलं. मधला भाग लिपस्टिकने लालगुलाबी झालेला. तो वेगळा कोपरा उलगडला, तर त्यावर कसला डाग नाही. इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती, कारण त्या वर्षी त्या लोकांपैकी कुणीच ओठ लावले नव्हते. मोरीत बसून मी रडले. आदल्याच रविवारी देवळात वाचन झालं होतं, की ख्रिस्ताच्या तोंडावर लोक थुंकले आणि तो गप्प राहिला. आणि मी, देवाची मोठी भक्तीण, त्याच्या पायांवरून एका विधवेचे ओठ दोनदोनदा पुसत होते. मला माझीच किळस आली.

मी पापनिवेदनाला गेले. फादरांनी ऐकून घेतलं, क्षमा दिली, आणि म्हणाले, “बाई, आता त्या बाईला जाऊन सांगा. तेच तुमचं प्रायश्चित्त.” आता खोटं कशाला बोलू? मी गेले नाही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा ताठा जास्त. झाडूवालीपुढे मी हात जोडायचे? फडकं तेवढं दुसरीला देऊन टाकलं. पुढे ती विधवा काम करायची तो कारखाना बंद पडला, ती कल्याणला गेली. प्रार्थनेला बसले की फडक्याचा तो कोपराच दिसायचा. शेवटी तीन वर्षांनी तिच्या जुन्या शेजारणीकडून पत्ता घेतला आणि कल्याणला उतरून रिक्षा केली.

तिने मला ओळखलं, स्टुलावर बसवलं, चहा टाकला. मी चहाला हात न लावता म्हटलं, “मी तुमच्यामागून दोनदा पुसायचे. माझं चुकलं. मला माफ करा.”

“ठाव हाय की,” ती म्हणाली. “पहिल्याच वर्षी दिसलं मला. म्या म्हनलं, असू दे, पाय तर देवाचे हायेत. पन पोरगी इचारायला लागली, आई, आपल्यामागं दोनदा का पुसत्यात? तिला काय सांगू?” तिने कप माझ्याकडे सरकवला. “माफ केलं बाई. म्या कवाच केलं. तिचं तिला इचारा.”

मुलगी दारातच उभी होती. आता मोठी झालेली. मी तिच्याकडे वळून म्हटलं, “बाळा, चूक माझी होती. देवाची नव्हती.” ती चपला घालून बाहेर निघून गेली. “देवळात येतच न्हाई ती,” आई म्हणाली. “कुठल्याच.”

पुढच्या गुड फ्रायडेला ती विधवा माझ्या बोलावण्यावरून ठाण्याला आली. रांगेत मी तिच्या मागे उभी राहिले. “ओठ लावा,” मी म्हटलं. तिने लावले. फडकं पुढे आलं, तसा मी हात आडवा घातला, आणि तिच्या ओठांनी ओल्या झालेल्या त्या पायांवर माझे ओठ टेकले. आमच्या बायका बघत राहिल्या. बघू देत.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “मुलगी?”

“फाटकापर्यंत आली व्हती,” ती म्हणाली. “आत चल म्हनलं, तर तिथूनच माघारी गेली.”