जिजींची बोहनी

दुकानात शिरलं की सुमनजिजी आधी उजवा हात पदराला स्वच्छ पुसायच्या आणि मगच वस्तू उचलायच्या. शहाद्याबाहेर प्रकाशा रस्त्याला मॉल उभा राहिला, तेव्हा तिथल्या प्रत्येक नव्या दुकानाची बोहनी, म्हणजे पहिली खरेदी, त्यांच्याच हातून व्हायची. जिजींच्या हाताला यश आहे, असं आमची कॉलनी मानायची. त्यांनी लावलेला शेवगा गच्चीच्या वर गेला होता आणि त्यांच्या बोहनीने सुरू झालेलं दिराचं किराणा दुकान दुमजली झालं होतं. आम्हाला एवढा पुरावा पुरतो.

साड्यांच्या दुकानात त्यांनी फॉल घेतला, बुटांच्या दुकानात लेस, खेळण्यांच्या दुकानात शिट्टी. शिट्टी तिथल्या तिथे वाजवूनही पाहिली. मालकाला त्या ठरलेलं वाक्य ऐकवायच्या, "ले दादा, मन्हा हात लागना. आते तुले जेवाले फुरसद भेटाव नही." मालक पेढा पुढे करायचा आणि जिजी दिवसभर खुशीत असायच्या.

पहिली काही वर्षं मॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. पुढे भाडी वाढली, लोक मोबाइलवरून कपडे मागवू लागले, सरकता जिना बंद पडला तो पडलाच. खेळण्यांच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, तेही गेलं. बुटांच्या गाळ्यात जिम आली, मग क्लास. कारणं शेंबड्या पोरालाही कळत होती. पण साडीवाला सामान बांधताना हसत हसत बोलून गेला, "जिजी, तुमना हात आमले काही लाभना नही."

थट्टाच ती. पण आमच्या गावात थट्टेला पाय फुटायला वेळ लागत नाही. आठवड्याभरात भाजीवालीपर्यंत पोचली. पुढच्या दुकानाच्या पूजेला कुणी जिजींना बोलावलं नाही, आणि का बोलावलं नाही हे कुणी विचारलंही नाही. एवढं शिकलेलं आमचं गाव, मला त्याची लाज वाटते.

जिजींना मात्र स्वतःचीच लाज वाटू लागली. दुकान बंद झालेल्या एकेकाच्या घरी जाऊन त्या हात जोडून आल्या. "दादा, मन्हामुये तुन्हं नुकसान जयं. माफ कर." माणसं ओशाळायची, चहा पाजायची, पण "तसं नाही हो जिजी" असं ठामपणे कुणाच्या तोंडून निघायचं नाही. मग त्या बाजारालासुद्धा मॉलवरून जाईनाशा झाल्या. मागच्या शेताच्या बांधाने लांबून जायच्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढून.

गेल्या वर्षी माझ्या बायकोने, वैशालीने, तिथेच मॅचिंग ब्लाउजपीसचं दुकान घातलं. बोहनी जिजींचीच, असा तिचा हट्ट होता. आम्ही दोघं बोलवायला गेलो तर जिजींनी उजवा हात पदराखाली घेतला. "नही बेटा. तू मन्ही पोर शे. तुन्हा दुकानले मी हात लावाव नही." वैशाली रडली, मी रागावलो, पण त्या आल्या नाहीत. बोहनी शेवटी माझ्या बहिणीने केली.

दुकान चाललं. लग्नसराईत तर वैशालीला जेवायला खरंच फुरसत मिळेना. ती हौसेने पेढे घेऊन जिजींकडे गेली. मीही होतो. म्हटलं, आता तरी त्यांच्या चेहऱ्यावर हसू येईल.

हसू आलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने पेढा घेतला आणि वैशालीला म्हणाल्या, "देख, मी हात लाया नही, म्हनीसन चाली ऱ्हायनं ना!"