ढोलकी घेऊन मंडईला

हैदराबादच्या विमानतळावर माझी ढोलकी तपासणीच्या पट्ट्यावरून आत गेली आणि पट्टाच थांबला. पडद्यासमोरच्या मुलीने मान वाकडी करून पाहिलं, शेजारच्याला बोलावलं, त्याने आणखी एकाला. "मॅडम, इसमें क्या है?" मी म्हटलं, "हवा." सोडायला आलेला नवरा बाहेरूनच परत गेला होता ते बरं झालं, नाहीतर 'मी सांगत होतो' हे त्याचं लाडकं वाक्य मला गोंदियाच्या बिरसी विमानतळापर्यंत पुरलं असतं. शेवटी तिथेच दोन थापा मारून दाखवल्या. मुलगी हसली, मागची रांगही हसली, आणि चोपन्नाव्या वर्षी मी शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरीसारखी विमानात चढले.

का निघाले होते ते आधी सांगते. दिवाळी झाली की आमच्या पूर्व विदर्भात गावोगाव मंडई भरते. पुण्यामुंबईच्या वाचकांनी भाजीची पिशवी काढू नये. ही मंडई म्हणजे गावाची जत्रा. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. त्या दिवशी लेकी, जावई, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे असे सगळे येतात आणि भर दुपारी आखरावर (गावाच्या मोकळ्या मैदानावर) दंडार होते. दंडार म्हणजे नाच, गाणी आणि सोंगं. पुरुषच साड्या नेसून बायका होतात आणि ढोलकी कमरेला बांधलेला एक जण त्यांच्यामधून वाजवत फिरतो. आमच्या गावात तो एक जण म्हणजे माझे देवचंद काका. यंदा धानाचे भारे ट्रॅक्टरवर चढवताना ते खाली पडले आणि उजवा हात मोडून बसले. बाहेरचा वाजवणारा आणावा तर या दिवसांत सगळे नाटकांच्या कंपन्यांनी धरून ठेवलेले. तेव्हा हेमराजचा फोन आला. हेमराज गावचा किराणा दुकानदार आणि दंडारीतली गावची सर्वांत देखणी बाई.

"ताई, तुमी साऱ्या दुनियेचे ढोल वाजवून राहिल्या. मंग आपलाच काऊन नाई?"

"काका काय म्हणतात?"

"हो बी नाई म्हनत, नाई बी नाई म्हनत. तुमी या."

या एका 'या'ची मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं वाट पाहत होते, हे त्या बिचाऱ्याला कुठे माहीत! माझे बाबा इटियाडोह धरणाच्या कालव्यावर चौकीदार. जिथे चौकी तिथे आमचं घर, आणि जवळ असेल ती आमची शाळा. एका शाळेत पाढे, दुसरीत नकाशे, तिसरीत पुन्हा पाढे, असं माझं शिक्षण झालं. पण मंडईला आम्ही कायम गावी असायचो. काकांच्या ढोलकीसमोर मांडी घालून बसायचं आणि चौकीवर परतलं की पत्र्याच्या पेटीवर हात चालवायचा, हा माझा खरा अभ्यास. एकदा हिंमत करून म्हटलं, "मला शिकवा." काका म्हणाले, "पोरीच्या जातीचं काम नाई हे, बाई." मग माझा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी मला सायकल शिकवली. सायकल छान येते मला. पण मला ती नको होती, ढोलकी हवी होती.

बिरसीला विमान उतरताना खाली कापून झालेल्या बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं) आणि जागोजागी चमकणारे तलाव दिसले, तेव्हा मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना कोपराने ढोसून म्हटलं, "पाहा, आमचा जिल्हा!" ते आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचे निघाले. कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी सायकली घेऊन बिरसीकडे यायचो, तेव्हा इथे शिळ्या भाकरीवर ताव मारून परत जाण्यापलीकडे काही करण्यासारखं नव्हतं. आता शिकाऊ वैमानिकांची चिमुकली विमानं रांगेत उभी होती.

"मैडम, स्टेशन छोड़ दूँ? ढोलक का अलग से कुछ नहीं लूँगा," रिक्षावाला म्हणाला. गोंदिया शहरात पाय ठेवला की हिंदी आपोआप तोंडात येते. मी त्याला फुलचूरवरून घ्यायला सांगितलं. फुलचूरला माझ्या आत्याची खोली होती. तिथे राहून मी बी.एस्सी. केलं, टायपिंग केलं, राईस मिलच्या कचेरीत बिलं लिहिली आणि एका शाळेत तासिकेवर विज्ञान शिकवलं. कोंड्याची धूळ केसांत घेऊन वर्गात जायची, पोरं मला 'भुसाबाई' म्हणायची. आत्या गेली, खोलीच्या जागी मोबाईलचं दुकान आलंय. दुकानदाराला मी उगाचच सांगितलं, "इथे माझी चूल होती." तो म्हणाला, "चार्जर पाहिजे काय?"

स्टेशनसमोर तर्री घातलेले पोहे हाणले, डोळ्यांतून पाणी काढलं आणि बल्लारशाची पॅसेंजर पकडली. खिडकी मिळाली. समोर शिंगाड्यांची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. तिने उकडलेले शिंगाडे सोलून माझ्या हातावर ठेवले आणि ढोलकीकडे बोट दाखवलं.

"भजन मंडळ हाय का?"

"दंडारीत वाजवायला जातेय."

ती बाई हसत सुटली. "खरं सांगून राहिली का माही मजा घेऊन राहिली?"

मग मी तिला सगळं सांगितलं. बँकेची परीक्षा पास झाले आणि जोरहाट, झाशी, त्रिशूर असा देश फिरले. बदली झाली की लोक आधी घर शोधतात, मी वाजवणारा शोधायची. जोरहाटला बिहूचा ढोल शिकले, तोही गळ्यात अडकवून नाचत. झाशीला शेजारच्या बायकांनी लग्नघरात ढोलक पुढ्यात ठेवली. तिथे ढोलक बायकाच वाजवतात, हे पाहून मला काकांना तार करावीशी वाटली होती. त्रिशूरला चेंडा (केरळचा ढोल) शिकताना गुरुजींनी कित्येक महिने दगडावर काठी मारायला लावलं. आणि हैदराबादला येऊन नोकरी सोडल्यावर मी ढोलकीच घेतली, रीतसर गुरू केला. म्हातारी सौंदडला उतरताना म्हणाली, "वाजवजो बाई. कोनी हसलं तं हसू देजो."

अर्जुनीला उतरले आणि पहिला घोटाळा केला. रिक्षात माणसं कोंबलेली, नव्या साड्या, लहान पोरांच्या डोळ्यांवर रंगीत चष्मे. "कुठे?" या प्रश्नाला मी ऐटीत "मंडईला!" म्हटलं. आमच्या गावची मंडई दुसऱ्या दिवशी होती, हे उत्साहाच्या भरात मी विसरलेच. कालवा आला, बोडी (लहान तळं) आली, आखर आला. इतक्या वर्षांनी येत होते, सगळं आमच्या गावासारखंच वाटलं. काकांचं नवं घर हिरवं आणि आखराला लागून आहे, असं हेमराजने सांगितलं होतं. हिरवं घर होतंच. दारातल्या बाईने "या व मावशी" म्हणून पाय धुवायला पाणी दिलं आणि ताट वाढलं: वडे, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, भात. मला वाटलं, काकांची सून. तिला वाटलं, सासऱ्याकडची पाहुणी. दोनदा भात घेतल्यावर मी विचारलं, "देवचंद काका दिसत नाहीत?"

"कोन देवचंद?"

घरभर असा काही हशा पिकला की विचारू नका. घरधन्याने मला उठू दिलं नाही. "गाव चुकलं म्हनून जेवन सोडता का? घ्या, भात घ्या." पोटभर जेवल्यावर त्यानेच मला मोटारसायकलवर बसवून कालव्याच्या काठाने आमच्या गावी सोडलं. मी मागे ढोलकी कवटाळून बसले होते आणि मोठ्याने गात होते.

काका ओट्यावर खुर्चीत बसले होते, हात गळ्यात बांधलेला. थकलेत, पण नजर तीच. मी पाया पडले.

"कायले एवढ्या दुरून आली व?"

"वाजवायला."

त्यांनी डाव्या हाताने माझ्या ढोलकीवर टिचकी मारली, कान लावला. "आवाज बरा हाय. वाजवनारी उद्या पाहू. पह्यलं गानं हिचं. नाई जमलं तं दंडार बंद करून टाकू, लोकं झुल्यात बसतीन." एवढं बोलून ते झोपायला गेले. काकूने मला हळूच सांगितलं, की हात मोडल्यापासून ते कुणाशी धड बोललेलेच नाहीत. मंडईला ढोलकी नाही, याचं त्यांनी हाडापेक्षा जास्त दुखणं काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आखर फुलून गेला. आकाशपाळणा, आलूबोंड्यांच्या कढया, बांगड्यांची दुकानं, हिंदीत ओरडणारे फुगेवाले. हेमराज जांभळी साडी नेसून, मिशा उतरवून आला तेव्हा त्याची बायकोच सगळ्यांत मोठ्याने शिट्टी वाजवत होती. मी ढोलकी कमरेला बांधली. त्रिशूरच्या देवळासमोर वाजवताना भ्यायले नव्हते, इथे भ्यायले.

गण झाला, पहिलं गाणं सुरू झालं. मी एकही मात्रा चुकले नाही, आणि तरी ते गाणं पडलं. अगदी धपकन पडलं. माणसं पाळण्याकडे सरकायला लागली. एक म्हातारा माझ्याकडे पाहत शांतपणे बिडी पेटवत होता. मी मान खाली घालून हातांकडे पाहत होते, ठेका तपासत होते, आणि मला रडायला येत होतं. तेवढ्यात काका खुर्चीतून गरजले, "अवं, बँकेत बसल्यावानी नको वाजवू!"

हेमराज पदर सावरत माझ्याभोवती गिरकी घेऊन पुटपुटला, "ताई, हाताकडं नका पाहू. माह्या पायाकडं पाहा."

मी मान वर केली. त्याचे पाय धुळीत नुसते नाचत नव्हते, खोड्या काढत होते. मध्येच थांबत, मुरडत, पळत. मी पायांमागे धावले. तो थबकला की मी गप्प, तो झेपावला की मी. शिकलेलं सगळं कुठे गेलं कुणास ठाऊक, पण जोरहाटला नाचत वाजवलेल्या ढोलाने पायांत बळ दिलं आणि मी हेमराजच्या मागे त्या गोलात फिरायला लागले, हसायला लागले. मग मीच त्याला चकवलं. तो अडखळला आणि गर्दीतून "अरे वा!" अशी आरोळी उठली. पाळण्याकडे गेलेली माणसं परत आली. बायका दुकानं सोडून पुढे येऊन बसल्या. पहिलं गाणं संपलं, काकांनी दंडार थांबवली नाही. दुसरं, तिसरं, ऊन उतरेपर्यंत आम्ही वाजवत, नाचत राहिलो. माझ्या तळव्यांना फोड आले होते आणि मी आयुष्यात इतकी खूश कधीच नव्हते.

काकांनी शाबासकी दिली नाही. ते एवढंच म्हणाले, "उद्या पल्याडच्या गावची मंडई हाय. तिथलं आवतन हाय आपल्याले. ट्रॅक्टर जेवून निघन." दुसऱ्या दिवशीचं माझं परतीचं विमान होतं. मी नवऱ्याला फोन करून तिकीट रद्द करायला सांगितलं. "मी सांगत होतो," तो म्हणाला, पण तो हसत होता.

ट्रॉलीत तणस (धानाचा पेंढा) घालून आम्ही सगळे बसलो. हेमराज अर्धी साडी नेसूनच आला होता. पल्याडच्या गावी पोचलो, तर तिथले पाटील मला पाहून काकांना विचारते झाले, "ढोलकीवर ही कोन?" मी कान टवकारले.

"पुतनी हाय," काका म्हणाले. "माहा हात मोडला ना, म्हनून आनली."

खरं तेच होतं, पण लागलं मला. वाजवलं मात्र जीव ओतून. लोकांनी एक गाणं पुन्हा करायला लावलं. परतताना ट्रॉलीत सगळे गात होते आणि मी मनाशी म्हणत होते, शालिनी, हात मोडला म्हणून का होईना, दोन दिवस मिळाले. गाडीचं चाक पंक्चर झालं की दुसरं लावतात, पहिलं दुरुस्त झालं की ते उतरवतात. त्यात रागावण्यासारखं काय आहे?

परत निघाले तेव्हा काका हट्टाने अर्जुनी स्टेशनपर्यंत आले. आम्ही बाकावर बसलो. गाडीला वेळ होता. मी तेव्हा विचार करत होते, की इतक्या शाळा, इतक्या नोकऱ्या, इतकी गावं झाली. सगळीकडे मला कुणी ना कुणी आनंदाने शिकवलं, आणि सगळीकडून मी कधीतरी निघालेच. आपल्या गावाकडून तरी जास्त काय मागायचं? बघायला मिळालं, वाजवायला मिळालं, खूप झालं. मी काकांच्या पट्टीकडे पाहिलं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"पुढल्या महिन्यात सोडतो म्हनते. हात पह्यल्यावानी होईन."

"मग छान. पुढच्या मंडईला तुम्ही वाजवाल."

दूर सिग्नल पडला होता.

"वाजवीन ना," ते म्हणाले. "मी झांज वाजवीन. ढोलकीवर आता तू."

गाडी आली. हमालाने ढोलकी आत टाकली, काकांनी मला डाव्या हाताने वर ढकललं. डबा अर्धा रिकामा होता, पण सौंदडपर्यंत मला बसायचं सुचलंच नाही.