अंधारीतली रांग

निजामाचं राज्य गेल्यावर मी पाहुण्यांना घेऊन वरचेवर दौलताबादच्या किल्ल्यावर जायचो. तिथला वाटाड्या मला आवडायचा. 'अंधारी' भुयाराच्या तोंडाशी तो हसतहसत प्रत्येकाचं आडनाव विचारी. "पिशोरचे देशमुख व्हय? या, असं पुढं!" मग रांगेत एकमेकांचे हात धरायला लावी आणि आत नेऊन कंदील विझवी.

त्या दिवशी माझ्या दलित मित्राला त्यानं सर्वांत मागं उभं केलं आणि पुढच्याच्या हाताऐवजी उपरण्याचं टोक धरायला दिलं.

"हे काय?" मी हादरून विचारलं.

"अंधारात कुणाचा हात कुणाला लागंल, काय सांगावं? म्हणून तर आडनावं इचारतो, मालक."

त्या विचारण्याला मी आपुलकी समजत होतो.

मी रांग सोडून मित्राचा हात घट्ट धरला. वाटाड्या रागावला नाही. "मग तुमीबी मागंच," म्हणत त्यानं उपरण्याचं टोक माझ्या हातात दिलं आणि कंदील उचलून हसतमुखानं सगळ्यांना आत घेऊन गेला.