सगळ्यांनी आमेन म्हटलं

मंडळी, आज माझी चोरी पकडली गेली.

परराज्यातल्या आमच्या टाउनशिपच्या मेथडिस्ट चर्चमध्ये मल्याळी, तमिळ, हिंदीवाले सगळे आहेत. म्हणून महिला मंडळात जिने तिने आपल्या भाषेत प्रार्थना करायची. मराठी मी एकटीच, माझं कुणालाच कळत नाही. दर बुधवारी साकेत नगरच्या दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना खिचडी द्यायची, ती जबाबदारीही अकरा वर्षं माझीच. 'नाही' म्हणायला माझं तोंडच उघडत नाही.

आज मंडळात डोळे मिटले आणि मराठीत सरळ बोलून टाकलं, "देवा, कंटाळले रे. सोडव मला या खिचडीतून."

"आमेन!" सगळ्या एका सुरात.

अध्यक्षा एलियम्मादीदींनी तर डोळे पुसले. "कितनी सुंदर प्रार्थना! अगले साल भी आप ही संभालिए."

मी मान डोलावली.

बाहेर चपला घालताना एक नवीन मुलगी जवळ आली. नवऱ्याची नागपूरहून बदली झाली म्हणून नुकतीच आलेली. हळूच म्हणाली, "काकू, मला सगळं समजलं. पण खिचडीसाठी माझं नाव नका सुचवू हं. मलापण नाही म्हणता येत नाही."

झालं! मन मोकळं करायला एवढी एकच भाषा होती, तीही गेली. आता पुढच्या वेळी मंडळात देवाशी कोणत्या भाषेत बोलू, सांगा बरं?